लाटण्याचा ठोका

शुक्रवारी रात्री आमच्याकडे पोळ्यांना उशीर होतो. कणीक भिजलेली असते, तवा तापलेला असतो, पण लाटणं रिकामं नसतं. समोर फ्रीजकडे पाठ करून माझी सोळा वर्षांची लेक उभी असते. अंगात घरातला ढगळ टी-शर्ट, पायात मात्र उद्याचे काळे बूट. बूट घातल्याशिवाय म्हणे आवाज लागत नाही. मायक्रोवेव्हवर ३:०० असे हिरवे आकडे. मी बटण दाबते, आकडे उतरू लागतात, ती बोलू लागते. एक मिनिट उरलं की पोळपाटावर लाटण्याचा एक ठोका. अर्धं मिनिट उरलं की दोन. मायक्रोवेव्ह बोंबलला की वर दहा सेकंदांची माफी, आणि मग मी ठक-ठक-ठक करून तिला थांबवते. सोळा वर्षांच्या मुलीला ठोका देऊन गप्प करायचं आणि तिने निमूट गप्प व्हायचं, हे भाग्य न्यू जर्सीतल्या किती आयांच्या वाट्याला येत असेल!

ही सगळी तयारी 'स्टुडंट काँग्रेस'ची. आता तिचं कागदोपत्री नाव 'काँग्रेशनल डिबेट' झालं आहे, पण जुने कोच अजून स्टुडंट काँग्रेसच म्हणतात. शनिवारी पहाटे मुलं सूट-बूट घालून कुठल्यातरी परक्या हायस्कुलात जमतात. एकेका वर्गात पंधरा-वीस जण. तो वर्ग म्हणजे अमेरिकेची संसद. प्रत्येकाच्या बाकावर घडी घातलेल्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलेलं आडनाव. विधेयकं मुलांनीच लिहिलेली, बाजूने मुलंच बोलणार, विरोधात मुलंच बोलणार, प्रश्न मुलंच विचारणार, मतदानही त्यांचंच. अध्यक्षसुद्धा त्यांच्यातलाच एक, 'प्रिसायडिंग ऑफिसर', बोलीत नुसता 'पीओ'. त्याच्या हातात लाकडी हातोडा. आमच्या घरी हातोडा नाही, म्हणून लाटणं.

या सगळ्याची मूळ संस्था १९२५ सालची. विस्कॉन्सिनमधल्या रिपन या लहानशा गावच्या कॉलेजातल्या ब्रूनो जेकब यांनी शाळकरी वक्त्यांसाठी 'नॅशनल फॉरेन्सिक लीग' काढली. 'फॉरेन्सिक' म्हटलं की माझ्यासारखीच्या डोळ्यांपुढे प्रेत आणि बोटांचे ठसे यायचे. सगळ्यांच्याच येत असावेत, कारण २०१४ साली त्यांनी नावच बदललं आणि 'नॅशनल स्पीच अँड डिबेट असोसिएशन' केलं.

स्पर्धेच्या आठ-पंधरा दिवस आधी विधेयकांचा गठ्ठा येतो. त्याला 'डॉकेट' म्हणतात. गठ्ठा आला की आमच्या डायनिंग टेबलाचा ताबा सुटतो. मी त्यातलं पहिलं विधेयक वाचलं तेव्हा मला हसू आवरेना. डाव्या समासात एकापासून ओळींचे आकडे. कलम १, काय करायचं. कलम २, व्याख्या. कलम ३, अंमलबजावणी कोणत्या खात्याने करायची. कलम ४, कधीपासून. आणि कलम ५: या कायद्याशी विसंगत असलेले इतर सर्व कायदे रद्दबातल समजावेत. म्हणजे दहावीतल्या कुण्या पोराने गृहपाठ उरकून रात्री अकरा वाजता एका ओळीत अख्ख्या अमेरिकेचे नको असलेले कायदे झाडून टाकले, आणि मग दात घासून झोपला. मी लेकीला म्हटलं, "हे पाचवं कलम मला घरात लागू करून मिळेल का?" ती म्हणाली, "आई, आधी सेकंड करणारा मेंबर शोध."

२०२५ च्या जानेवारीतल्या डॉकेटमध्ये एक विधेयक होतं पेनीचं. एक सेंटचं नाणं पाडणं बंद करावं, एवढंच. समुद्राच्या तळाची खाणकामं आणि कसल्याकसल्या करारांच्या भाऊगर्दीत हे साधं, हातात धरता येण्याजोगं. लेकीचा जीव त्याच्यावरच जडला. तिने कपाटावरची चिल्लरची बरणी आणून टेबलावर उपडी केली आणि माझा स्वयंपाकातला वजनकाटा घेतला. दहा नाणी ठेवली: पंचवीस ग्रॅम. मग वर्ष बघून बघून १९८२ च्या आधीची दहा वेचली: एकतीस ग्रॅम. "बघ, जुनी तांब्याची आहेत. नवी नुसती तांब्यात बुडवलेली, आत सगळं जस्त." माझा विश्वास बसेना, तर गॅरेजच्या दारातल्या सिमेंटवर एक नाणं घासघासून तिने कड उघडी केली. आतून चंदेरी. लिंकनची हनुवटी मात्र त्यात गेली.

मग आकडे. २०२४ च्या आर्थिक वर्षात एक पेनी पाडायला सरकारी टांकसाळीला ३.६९ सेंट खर्च आला. एका वर्षात तीनशे कोटींहून जास्त पेन्या पाडल्या आणि त्यात साडेआठ कोटी डॉलर बुडाले, नेमके ८ कोटी ५३ लाख. बाजूने बोलणाऱ्याचं काम तर झालंच. कॅनडाने २०१२ सालीच पेनी थांबवली, तिथे रोखीचा हिशेब पाच सेंटांवर आणतात, आणि कुणाचं काही अडलं नाही. विरोधात बोलायचं तर रोखीने व्यवहार करणारा गरीब माणूस, त्याच्या बिलाची वरवर जाणारी गोळाबेरीज; आणि टेनेसीतल्या ग्रीनव्हिल गावची ती फॅक्टरी, जिथून टांकसाळीला जस्ताच्या चकत्या जायच्या. तिथल्या माणसांचं काय?

तिने दोन्ही भाषणं लिहिली. हे पहिल्या वर्षी माझ्या गळी उतरलं नव्हतं. एकाच बाईने सकाळी विधेयकाच्या बाजूने गहिवरायचं आणि दुपारी विरोधात? ही कसली तत्त्वं? तिने समजावलं की शनिवारी सकाळी वर्गाबाहेर मुलं घोळका करून मोजणी करतात. कोण बाजूने, कोण विरोधात. बारा जण बाजूने आणि तिघेच विरोधात निघाले तर वाद रंगत नाही, मग कुणाला तरी उलटावं लागतं. त्याला 'फ्लिप' म्हणतात. जो उलटू शकत नाही तो दिवसभर हात वर करून बसतो.

हे मी फोनवर अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यात अठ्ठावीस वर्षं संस्कृत शिकवलेले. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते म्हणाले, "मग बरोबरच आहे की. पूर्वपक्ष आधी नीट मांडता आला पाहिजे, त्याच्याहून चांगला. त्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड उघडायचा अधिकारच नाही." आणि मग नात फोनवर आली तशी त्यांना शिकवणीची हुक्की आली. न्यायसूत्रांत चर्चेच्या तीन जाती सांगितल्या आहेत. खरं काय ते कळावं म्हणून बोलतात तो वाद. जिंकायचंच म्हणून बोलतात तो जल्प. आणि आपलं काहीच न मांडता दुसऱ्याचं नुसतं खोडत बसायचं, ती वितंडा. लहानपणी आम्हा भावंडांच्या भांडणात ते पेपराआडून एवढंच म्हणायचे, "वितंडा चाललीये." लेकीला हे इतकं आवडलं की तिने पिवळ्या वहीच्या पुठ्ठ्यावर तीन शब्द रोमन लिपीत लिहून घेतले. "आजोबा, आमच्या चेंबरमध्ये नाइंटी पर्सेंट जल्प असतो." अण्णा म्हणाले, "तुमच्याच नव्हे, बाळ."

त्या पिवळ्या वहीविषयी सांगितलं पाहिजे. लीगल पॅड. वरून उलटायची, पाठीला जाड पुठ्ठा, म्हणजे उभं राहून हाताच्या कोपरावर टेकवता येते. डाव्या हातावर पॅड, उजवा हात मोकळा. त्यावर पूर्ण वाक्यं लिहिणं कमीपणाचं. पाच-सहा शब्द, दोन आकडे, एखादा बाण. मी पहिल्यांदा ते पान पाहिलं तेव्हा मला ती वाण्याची यादी वाटली होती.

मला असं पान मिळालंच नव्हतं कधी. मी सातवीत होते तेव्हा तालुक्याच्या गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. विषय 'हुंडा: एक सामाजिक शाप'. भाषण बाईंनी लिहून दिलं, निळ्या शाईत, साडेचार पानं. समासात लाल पेनाने खुणा: इथे मूठ वळायची, इथे आवाज उतरवायचा, इथे परीक्षकांकडे बघायचं. मी ते पंधरा दिवस घोकलं. गच्चीवर, न्हाणीघरात, दळण आणायला जाताना गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून. सन्माननीय अध्यक्ष, वंदनीय गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, इथपासून एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, इथपर्यंत. झोपेत उठवलं असतं तरी तिसऱ्या पानाच्या मधूनही सुरू करता आलं असतं.

माझा नंबर तिसरा होता. दुसऱ्या नंबरची मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, माईकपाशी गेली आणि तिने माझं भाषण म्हणायला सुरुवात केली. तेच पहिलं वाक्य. तोच दाखला. मूठसुद्धा तिथेच वळली. दोघींच्याही बाईंनी एकाच निबंधाच्या पुस्तकातून उतरवलं होतं, हे मला कळायला मध्ये कितीतरी वर्षं गेली. तेव्हा फक्त एवढंच कळलं की माझ्या तोंडातला घास कुणीतरी माझ्यासमोर चावून खातंय. नंतर माझं नाव पुकारलं. मी उठले, गेले, आणि तेच भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही कानामात्रा न सोडता, म्हटलं. दुसरं काय करणार? माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. मूठ वळायची तिथे वळली. एक परीक्षक चहा ढवळत होते. त्यांनी बशीत चमचा ठेवला तो आवाज मला ऐकू आला. सभागृहात मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

स्टुडंट काँग्रेसमध्ये या गोष्टीला एक शब्द आहे: 'रिहॅश'. आधीच्याने मांडलेला मुद्दा पुन्हा मांडणं. परीक्षकांच्या कागदावर याहून वाईट शेरा नाही. लेकीने मला याचा अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटलं, "शिळ्या कढीला ऊत." तिला ते पटलं, पण कढीला ऊत येतो म्हणजे काय ते दाखवायला मला त्या रविवारी कढी करावी लागली.

यात बोलायची पाळी कशी येते तेही एक शास्त्रच. पीओकडे एक तक्ता असतो. जो कमी वेळा बोलला त्याला आधी संधी. दोघे सारखेच बोललेले असतील तर ज्याला बोलून जास्त वेळ झाला त्याला. 'प्रिसिडन्स' आणि 'रीसन्सी'. मी मनाशी याची पंगत केली. पहिल्या पंगतीला जेवून उठलेल्याने दुसऱ्या पंगतीत पाट शोधायचा नाही. विधेयकाच्या बाजूने एक, मग विरोधात एक, मग बाजूने, असा पाढा. प्रत्येकाला तीन मिनिटं आणि त्यानंतर प्रश्नांचा मारा. वरच्या पंगतीत जे वाढून झालं ते खालच्या पंगतीपर्यंत उरत नाही. सातव्या-आठव्या नंबरावर पोचेपर्यंत सगळे सोपे मुद्दे संपलेले असतात. म्हणून या खेळात बोलण्यापेक्षा बसणंच जास्त. दीड-दोन तास बसायचं, त्यातली तीन मिनिटं बोलायचं, आणि उरलेला सगळा वेळ आपलं पान दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत एकेक ओळ खोडत जायचं.

शिस्त सगळी रॉबर्टच्या नियमांची. हेन्री रॉबर्ट हा लष्करातला इंजिनिअर. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला चर्चच्या एका सभेत त्याला अध्यक्ष केलं, आणि सभा अशी काही हाताबाहेर गेली की बिचारा ओशाळून घरी आला. सभा कशी चालवावी हे शिकल्याशिवाय पुन्हा सभेला जाणार नाही अशी त्याने शपथ घेतली. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली होती. तिकडे माणसं रांगेने बोलायला शिकत होती, इकडे रांगेने ऐकायला. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या, म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटच्या, वार्षिक सभेचा व्हिडिओ मला दर वर्षी कुणीतरी पाठवतं. तो बघताना मला नेहमी त्या इंजिनिअरची दया येते.

मी या सगळ्यात ओढली गेले ती परीक्षक म्हणून. इथे शाळेने किती मुलं आणली त्या हिशेबात परीक्षक द्यावे लागतात, आणि ते पालकांतूनच निघतात. तासाभराचं प्रशिक्षण, एक चाचणी, झालं. आपल्या मुलीच्या वर्गात जायचं नाही, एवढं पथ्य. परीक्षकांच्या खोलीत कार्डबोर्डच्या डब्यातून नळाने ओतायची कॉफी, साखरेने माखलेले डोनट आणि आम्ही: एक तेलुगू डॉक्टर, एक चिनी अकाउंटंट, एक उंच गोरे आजोबा, आणि मी. कुणालाच कुणाची राजकीय मतं ठाऊक नाहीत, आणि दिवसभर आम्ही संसदेला गुण देतो. पहिल्या वेळी मी माझ्या शाळेच्या सवयीने लिहिलं, 'आवाज खणखणीत, उच्चार स्पष्ट, हावभाव समर्पक.' नंतर लेकीच्या टीममधल्या एका मुलाने मला पालकांच्या गाडीत शांतपणे विचारलं, "मावशी, पण तो काय बोलला?" मला आठवेना. तेव्हापासून मीही एक पिवळी वही घेतली.

तर पेनीच्या भाषणाची तयारी. विरोधातल्या भाषणाला सुरुवात काय करावी यावर ती अडली होती. मी भाजी चिरता चिरता तिला चाराण्याची गोष्ट सांगितली. ३० जून २०११ पासून भारतात पंचवीस पैशांचं नाणं चलनातून गेलं. त्याआधीच ते बाजारातून नाहीसं झालं होतं म्हणा. पण माझ्या आईच्या देव्हाऱ्यात हळदकुंकवाच्या करंड्यामागे एक डबी होती, तिच्यात तिने चाराणे जपून ठेवले होते. का, तर देवापुढे ठेवायचा तो सव्वा रुपया. रुपया ठेवता येत नाही, तो पुरा झाला. वर चाराणे हवेत, म्हणजे पुढे वाढत जाईल. चाराणे गेले आणि सव्वा रुपया हा शब्दच नाण्याविना उरला. आई गेल्यावर ती डबी माझ्याकडे आली, आता ती इथे आमच्या देवघराच्या फडताळात आहे.

लेक एकदम सरळ बसली. "आई, धिस इज माय इंट्रो." डबी उघडून तिने एक चाराणा हातात घेतला, गेंडा आहे त्याच्यावर. वीस सेकंदांत सव्वा रुपया, मग तिथून पेनीवर यायचं: नाण्याची किंमत फक्त टांकसाळ ठरवत नाही. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. माझ्या आईची डबी न्यू जर्सीतल्या काँग्रेसमध्ये! त्या रात्री मी सात वेळा ठोका दिला आणि सातही वेळा माझा पहिला ठोका उशिरा पडला.

शनिवारी दुपारपर्यंत माझं परीक्षण संपलं. शेवटच्या सत्रात मोकळ्या पालकांना मागे बसू देतात. मी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर, नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी जाऊन बसले. खिडकीबाहेर मैदानावर जुनं बर्फ मळकट झालेलं. पेनीचं विधेयक निघालं. ती माझ्याकडे पाठ करून बसलेली, पण मला तिची वही दिसत होती.

पहिला मुलगा बाजूने बोलला, ८ कोटी ५३ लाखांसकट. विरोधातल्या पहिल्या मुलीने रोखीने जगणाऱ्या गरिबांचा मुद्दा घेतला. लेकीने वहीवर एक ओळ खोडली. पीओने 'विरोधात कोण?' विचारलं की दर वेळी नऊ-दहा पुठ्ठे वर जायचे; तिचाही जायचा, आणि तो दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यायचा. विरोधातला दुसरा टेनेसीच्या फॅक्टरीवर बोलला, आणि चांगला बोलला. तिने दुसरी ओळ खोडली. विरोधातल्या तिसऱ्याने आपल्या आजीची चिल्लरची बरणी काढली, डोळ्यांत पाणीबिणी. तेव्हा तिने काय केलं ते मी नीट पाहिलं. पेन उचललं, पानाच्या अगदी वरच्या चौकोनावर, जिथे मोठ्या अक्षरात 'सव्वा' लिहिलेलं होतं तिथे, एक आडवी रेघ मारली. हलकीशी. मग पान उलटून मागे टाकलं. नवं कोरं पान.

मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात म्हणत होते, अगं, ते ठेव, तो बरणी म्हणाला, तू सव्वा रुपया म्हण, ते वेगळं आहे. पण ते वेगळं नव्हतं. आजीनंतर आजीच आली असती.

कोऱ्या पानावर ती भागाकार करत होती. कॅल्क्युलेटर चालत नाही असं नाही, पण तिने हातानेच केला, अण्णांनी शिकवलेल्या पद्धतीने, खाली खाली उतरत जाणारा. विरोधातली चौथी म्हणून तिचं नाव निघालं तेव्हा तो संपला होता. पीओ आडनावापाशी नेहमीप्रमाणे अडखळला. ती पुढे गेली. नमस्कार-चमत्कार नाही, सुरुवात नाही, गोष्ट नाही. ती म्हणाली की विधेयकाचे कर्ते ८ कोटी ५३ लाख वाचवणार आहेत, पण पेनी गेली की दुकानदार सुटे कशात देणार? पाच सेंटच्या निकेलमध्ये. आणि एक निकेल पाडायला टांकसाळीला १३.७८ सेंट लागतात, म्हणजे एका नाण्यामागे ८.७८ सेंटांचं नुकसान, पेनीच्या तिपटीहून जास्त. मी आत्ता बसल्या जागी हिशेब केला आहे. साधारण ९७ कोटी निकेल जास्तीचे लागले की तुमची सगळी बचत संपते, आणि त्यापुढे तोटा सुरू होतो. विधेयकाच्या पाच कलमांत निकेल हा शब्द एकदा तरी दाखवा. मग तिने आधीच्या तिघांची नावं घेतली, विरोधातल्यांचीही, आणि कुणाचा मुद्दा या हिशेबाने बळकट होतो आणि कुणाचा नाही, ते सांगितलं. एक ठोका. दोन ठोके. पीओचा हातोडा चांगल्या लाकडाचा होता, आवाज गोल यायचा. तिचं दोन मिनिटं चाळीस सेकंदांतच झालं.

प्रश्नांना पहिला उठलेला मुलगा बाजूचा होता, टाय सैल केलेला. "मग कॅनडा का नाही बुडाला?" मला घाम फुटला. ती म्हणाली, कॅनडाचं पाच सेंटचं नाणं पोलादाचं आहे, स्वस्त. आपलं तीन हिस्से तांबं आणि एक हिस्सा निकेल. आधी निकेल कशाचा करायचा ते ठरवा, मग पेनी बंद करा. उलट क्रमाने करणारं विधेयक मी पास करणार नाही. मुलगा म्हणाला, "म्हणजे तुम्ही मुळात आमच्याशी सहमत आहात?" तीस सेकंद संपले, हातोडा पडला, आणि ती हसून जागेवर येऊन बसली. उत्तर द्यायचं राहिलं.

मतदान हात वर करून झालं. विधेयक एका मताने पडलं. कुणालाच त्याचं काही नव्हतं. पुढच्या मिनिटाला सगळे पुढच्या विधेयकाची पानं उलटत होते. बक्षीस समारंभ कॅफेटेरियात, ती आठवी. आठव्याला टाळ्या मिळतात, करंडक मिळत नाही. टाळ्या वाजवत असताना मला ती लाल रिबिनीवाली मुलगी आठवली. तिला त्या दिवशी काय मिळालं होतं कोण जाणे. तीही कुठेतरी आई असेल आता.

परत येताना गाडीत मी उगाच म्हटलं, "सव्वा रुपया राहिला." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ते त्या राउंडचं नव्हतं, आई." आणि पाच मिनिटांनी, "पण ते तुझं आहे ना, तू लिही."

नंतर जे घडलं ते आम्हा दोघींच्याही डॉकेटमध्ये नव्हतं. ९ फेब्रुवारीला, सुपर बोलच्या रविवारी रात्री, राष्ट्राध्यक्षांनी समाजमाध्यमावर लिहून टाकलं की ट्रेझरीला पेन्या पाडणं थांबवायला सांगितलंय. लेकीने फोन माझ्या नाकासमोर धरला. "व्होटच नाही झालं! कॉइनेज तर काँग्रेसचं काम आहे, आर्टिकल वनमध्येच आहे. आम्ही निदान हात तरी वर केले." तिच्या टीमच्या ग्रुपवर त्या रात्री जो गदारोळ झाला त्यात पेनीच्या बाजूने बोललेलेही चिडले होते. पुढे १२ नोव्हेंबरला फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली. पहिली १७९३ सालची. माझ्या लेकीला त्या दिवशी गणिताची परीक्षा होती; संध्याकाळी बातमी कळल्यावर तिने घासलेल्या कडेची ती पेनी शोधून काढली आणि न बोलता देवघरातल्या डबीत, चाराण्यांशेजारी टाकली.

गेल्या महिन्यात आम्ही इंडियन ग्रोसरीत होतो. मेथीच्या दोन जुड्या, हिंग, साबुदाणा, पोह्यांचं पाकीट. कधी नव्हे ते रोखीने दिले. बिल झालं १४ डॉलर ४३ सेंट. गल्ल्यावरच्या काकांनी पेन्यांच्या कप्प्यात बोट फिरवलं, तो रिकामा होता. त्यांनी "छोडो, फोर्टी ले लेता हूँ" म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. लेक जागची हलली नाही.

"अंकल, यू आर राउंडिंग डाउन एव्हरी टाइम?"

"हाँ बेटा, कौन झगडा करे."

"पण मग दिवसाला किती बिलं होतात कॅशची? आणि निकेल किती जास्त लागतात तुम्हाला आता, पहिल्यापेक्षा?"

काका हातातली मेथी तशीच धरून विचारात पडले. खरंच हिशेब करू लागले, ओठ हलत होते. आमच्यामागे चार जण होते, एकाच्या टोपलीत फ्रोझन पराठे, एक बाई तान्ह्याला खांद्यावर थोपटत होती. काका म्हणाले, "बँकवाले निकेल का रोल भी गिनके देते हैं अब," आणि लेकीचा चेहरा असा उजळला की ती आता पिवळी वही काढते की काय असं मला वाटलं. तिने पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

मी गाडीच्या किल्लीने काउंटरवर दोनदा ठोकलं.

ती म्हणाली, "सॉरी," आणि मेथी उचलली.